सविताच्या हातची बाटली

बेलथडीत कुणाच्या घरचं पाणी पोटभर प्यावं आणि कुणाच्या घरचं नुसतं ओठाला लावून खाली ठेवावं, हे रंगुबाईला विचारावं. गावातली सगळी स्वयंपाकघरं तिला तोंडपाठ. अमकीच्या माठाला आतून शेवाळ, तमकीचा तांब्या बाहेरून लखलखीत पण आत बोट घालायची सोय नाही. तिच्या घरचं म्हणाल तर हंड्यात तोंड बघून कुंकू लावावं. घासून पालथं घातलेलं भांडंसुद्धा भरायच्या आधी ती तीनदा विसळायची. एकदा धुळीसाठी, एकदा माशी-मुंगीसाठी आणि एकदा आपल्या मनासाठी. कालव्याकाठचं गाव, देवळाली हाकेच्या अंतरावर, चारी बाजूंनी ऊस. पाण्याला तोटा कसला? आपल्या दारापुढचं गटार बारा महिने वाहतं ते हिच्या विसळण्यावर, असं तिचा नवरा म्हणायचा. तो बिचारा म्हणता म्हणता गेला. गटार अजून वाहतंय.

त्यामुळं पंचायतीत पाणी तपासायची पेटी आली आणि गावातल्या पाच बायांची नावं कळवा असा वरून निरोप आला, तेव्हा पहिलं नाव रंगुबाईचं लागलं यात नवल काही नव्हतं. मागोमाग बचत गटाच्या छबूबाईचं आणि आणखी दोघींचं लागलं. चौघींना राहुरीला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला नेलं. सकाळभर साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली, दुपारी पुरीभाजी आणि जिलबी झाली. जिलबीचा पाक नखांतून निघेपर्यंत रंगुबाई नळावर हात धूत राहिली, आणि ती निघाल्याशिवाय बाकीच्या तिघी कशा निघणार! चौघी परत आत शिरल्या तेव्हा साहेब एक छोटी काचेची बाटली उंच धरून सांगणं संपवत आले होते. खुणेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, उबेला ठेवा. दोन दिवसांत बाटली काळी पडली तर पाण्यात घाणीचे जंतू आहेत, ते पिऊ नका. काळी पडली नाही तर पाणी चांगलं. एवढंच? हे तर पहिलीतल्या पोरीलाही जमेल, असं म्हणत चौघी जीपनं घरी आल्या.

पाचवी बाई वस्तीवरची हवी असं मागाहून ठरलं. वस्ती म्हणजे गावाबाहेर, कारखान्याच्या रस्त्याला, ऊसतोडीला आलेली आणि मग इथंच राहिलेली दहा-बारा घरं. तिथली सविता निवडली, कारण तिला लिहिता-वाचता येत होतं. मूळची पाथर्डीकडची. नवरा वैजनाथ टोळीबरोबर आला होता, आता एका बागाईतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. तिला शिकवायचं काम रंगुबाईनं आपणहून अंगावर घेतलं. भरायची कशी, झाकायची कशी, गोधडीत गुंडाळून ठेवायची कशी, सगळं सांगितलं. आधी विसळून घे, हे तेवढं सांगितलं नाही. ही काय सांगायची गोष्ट आहे? श्वास घे म्हणून कुणी कुणाला सांगतं का?

स्वतः रंगुबाईनं मात्र पहिली बाटली उघडल्या उघडल्याच नाक मुरडलं होतं. सरकारी माल! कोरी म्हणायची आणि तळाला पिवळट भुकटी चिकटलेली. कुठल्या गोदामात धूळ खात पडली होती कोण जाणे. तिनं ती काडीनं खरवडून काढली, बाटली तीनदाच्या जागी चारदा विसळली आणि उजेडाकडं धरून बघितली, तेव्हा कुठं नळाखाली नेली. छबूबाईनं ते बघितलं आणि तिनंही तसंच केलं. बाकीच्या दोघींनी छबूबाईचं बघून केलं.

दोन दिवसांनी पाच जणींनी आपापल्या बाटल्या पंचायतीच्या टेबलावर आणून ठेवल्या. चार बाटल्यांतलं पाणी भरलं तसंच होतं, नितळ. पाचवी काळीकुट्ट होती. ती सविताची.

कानिफनाथ हा गावचा पाणीवाला. टाकीचा पंप लावणं, व्हॉल्व्ह फिरवणं, टाकीत पावडर टाकणं ही त्याची कामं. त्यानं डोकं खाजवलं. पाणी एकाच टाकीचं. आरोग्यवाल्यांनी गेल्याच महिन्यात टाकीजवळच्या नळाचा नमुना नेला होता, ‘पिण्यास योग्य’ असा कागदही आला होता. मग वस्तीवरच काय झालं? वस्तीची लाईन जुनी हाय, तिथंच काहीतरी गोम असणार, असं म्हणून त्यानं विषय मिटवायला बघितला. पण रंगुबाई अर्ध्यावर सोडणारी बाई नव्हे. ती स्वतः वस्तीवर गेली, सविताच्या दारातल्याच नळाचं पाणी आपल्या हातानं बाटलीत भरून आणलं आणि आपल्या घरी गोधडीत ठेवलं. दोन दिवसांनी बघते तर पाणी नितळ.

आता आली का पंचाईत! नळ तोच, पाणी तेच. सविताची बाटली काळी आणि रंगुबाईची नितळ.

मग उलट करून बघायचं ठरलं. सवितानं रंगुबाईच्या ओट्यावरच्या नळाचं पाणी भरायचं. सविता आली, भरून घेऊन गेली. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती बाटली घेऊन दारात उभी राहिली. बाटली काळी. रंगुबाईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. तिच्या घरचं पाणी, ज्याच्यावर उभ्या गावानं डोळे मिटून विश्वास ठेवावा, ते घाण? ती सविताला बोलली नाही, पण बाटली हातात घेऊन अशी बघत राहिली, जणू ती बाटलीच खोटं बोलतेय.

घरात दुसरंच दुखणं चालू होतं. रंगुबाईची नात संस्कृती, चार वर्षांची, अंगणवाडीत जाणारी. नागपंचमीपर्यंत गालाला बोट लावलं तर रुतायचं अशी गुबगुबीत पोर. आता दर आठ-दहा दिवसांनी तिला जुलाब व्हायचे. औषधानं थांबायचे, परत सुरू व्हायचे. फ्रॉक खांद्यावरून खाली घसरायला लागला होता. पोरीचा बाप वाल्मिक सुप्याला कंपनीत कामाला, शनिवारी यायचा आणि पोरीचे हातपाय चाचपून बघायचा. आणि पोरीची आई मोनिका, तिनं त्या दिवशी काळी बाटली बघितली.

मोनिका सासूला उलट बोलणारी सून नव्हती. संध्याकाळी तिनं गॅसवर मोठं पातेलं ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, संस्कृतीपुरतं पानी उकळून ठेवते."

रंगुबाईनं गॅस बंद केला. "मी तपासल्यालं पानी हाय ते. तपासल्यालं पानी उकाळलं तर लोक काय म्हनतील? रंगुबाईचा रंगुबाईवर भरवसा न्हाई?"

मोनिकानं पातेलं उचलून ठेवलं. खरं सांगायचं तर रंगुबाईचा हात त्याच क्षणी पुन्हा गॅसच्या बटणाकडं गेला होता, पण तोंडातून गेलेला शब्द आणि नळातून गेलेलं पाणी, परत कुठून आणायचं!

पुढच्या सोमवारी पंचायतीत सगळ्यांना बोलावलं. सरपंच होते, ग्रामसेवक होते, कानिफनाथ होता, पाचही बाया होत्या. ग्रामसेवकांनी सविताला सगळ्यांसमोर बाटली भरायला सांगितली. सविता पंचायतीच्या नळाशी गेली. पदरानं हात पुसले, झाकण काढलं आणि बाटली सरळ धारेखाली धरली. भरल्या भरल्या पाणी फिक्कट चहासारखं पिवळसर झालं.

रंगुबाई ताडकन उठली. सापडलं! ही बया भांडं विसळतच नाही!

मग काय, एकच हशा पिकला. सविता गोंधळून इकडंतिकडं बघायला लागली. तिनं आपल्या परीनं सांगितलं की तिच्या माहेरी आठव्या दिवशी टँकर यायचा. धुतलेलं भांडं पुन्हा धुवायचं म्हणजे प्यायचं पाणी मातीत घालायचं. आजी पाठीत धपाटा घालायची. भांडं कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि भरायचं, ती हीच रीत शिकली. कुणीतरी मागून "दुष्काळी" म्हणालं, आणि तो शब्द बोलणाऱ्याला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं ऐकू गेला. ग्रामसेवकांना पुढच्या गावाला जायचं होतं. त्यांनी बाटलीच्या डब्यावरचा कागद वाचायला घेतला होता, तो घडी घालून परत ठेवला, कारण भानगड सुटलीच होती. रंगुबाईनं सविताच्या हातून दुसरी बाटली घेतली, एकदा विसळली, दोनदा विसळली, तीनदा विसळली, आणि शाळेतल्या बाईसारखी तिच्या हातात दिली. सवितानं भरली. दोन दिवसांनी ती बाटली सगळ्यांच्या बाटल्यांसारखी नितळ निघाली. वहीत पाचही जणींच्या नावापुढं ‘पिण्यायोग्य’ लिहिलं गेलं आणि रंगुबाईनं खाली झोकात सही ठोकली.

जिंकली की रंगुबाई. आणि जिंकलेल्या माणसानं गप्प बसावं, पण ते बसतं होय? दळणाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर, बचत गटात तिनं सविताच्या न विसळण्याची कथा इतक्यांदा सांगितली की कथेला शेपूट फुटलं. नवरात्रात सविताच्या घरी बचत गटाची बैठक होती, तेव्हा तिनं केलेला चहा सगळ्या बायांनी पुढ्यात तसाच गार होऊ दिला. एकीचा उपास होता, एकीला पित्त झालं होतं, एकीनं आत्ताच घेतला होता. सवितानं कप उचलून आत नेले. ते रंगुबाईनं बघितलं आणि तेव्हा तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

चार-पाच दिवसांनी सविता रंगुबाईच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आली नाही. काहीतरी विचारायचं होतं, ते कसं विचारावं याची तिनं वाटेत तालीम केलेली दिसत होती.

"मावशी, मी विसळली तवा काळी झाली न्हाई, हे मान्य. पर आमच्या घरची भांडी मी कवाच विसळीत न्हाई, अन् आमच्यात कुनी आजारी न्हाई. काळी बाटली बघितल्यापासनं मी आपली पानी उकळून देती, तेवढंच. मला एकच उमगंना झालंय. त्या बाटलीत आसं काय हुतं, जे विसळल्यावर निघून गेलं?"

"घान हुती," रंगुबाई म्हणाली. "दुसरं काय आसतंय?"

सवितानं मान हलवली आणि गेली. पण तो प्रश्न काही गेला नाही. दातात जोंधळ्याचं तूस अडकावं तसा तो रंगुबाईच्या डोक्यात अडकून बसला. घाण बाटलीत होती, तर ती पाचही जणींच्या बाटल्यांत होती, सगळ्या एकाच खोक्यातल्या. मग ती घाण तीनदा विसळून निघते आणि एकदाही न विसळता काळी होते, ठीक. पण पंचायतीतली बाटली भरल्या भरल्याच पिवळी झाली होती आणि घरून आणलेली मागाहून काळी झाली होती. घाण आधी पिवळी आणि मग काळी होते का? तिनं आयुष्यभर घाण काढली होती, असली घाण तिच्या बघण्यात आली नव्हती.

बरं, पाणी चांगलं आहे असं धरा. मग पोरीला होतंय काय? रंगुबाईनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. अंगणवाडीतल्या खिचडीचा वास घेऊन आली. मोनिकाची नखं तपासली, स्वतःची तपासली, पोरीची तर इतकी बारीक कापली की ती रडली. पोर माती खाते का म्हणून दिवसभर तिच्या मागं मागं फिरली. काही सापडेना. आणि पाणी वाईट आहे असं धरावं, तर चार बाटल्या नितळ कशा? आणि सविताचे हात वाईट असं धरावं, तर तिच्या दोन्ही पोरी टुणटुणीत कशा? एक गाठ सोडवावी तर दुसरी आवळायची. रंगुबाई दर दोन दिवसांनी आपल्या नळाची बाटली भरायची, आता पाच-पाचदा विसळून. दर वेळी पाणी नितळ. दर वेळी तेच पाणी ती संस्कृतीला पेला भरून पाजायची, कारण त्या घरात भरवशाची वस्तू ती एकच उरली होती.

बुधवारी सकाळी संस्कृती उठलीच नाही. हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची आणि मिटायची. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. कानिफनाथनंच मोटारसायकल काढली, मोनिका पोरीला छातीशी धरून मागं बसली. रंगुबाई मागून टेम्पोनं राहुरीला पोचली तोवर दवाखान्यात पोरीच्या हाताला सलाईन लागलं होतं. एवढासा हात, त्याला पुठ्ठा बांधून पट्टी गुंडाळलेली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलंय, अजून उशीर केला असता तर अवघड होतं. पाणी कुठलं पिता? रंगुबाई तपासलेलं म्हणणार होती, पण मोनिकानं वर बघितलं आणि तिच्याच्यानं म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोर जरा हुशार झाली, ‘आजी’ म्हणून तिनं हाक मारली. वाल्मिक सुप्याहून आला होता, त्याला आणि मोनिकाला रंगुबाईनं चहाला पाठवलं. मग ती औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेली आणि वर आली. बघते तर संस्कृतीच्या उशाशी, टेबलावर, एक प्लॅस्टिकची बाटली उघडी ठेवलेली. तळाला पांढरी भुकटी. रंगुबाईचा जीव कळवळला. इथं दवाखान्यात सुद्धा असलं! पोरीला यातनं पाणी पाजणार? तिनं बाटली उचलली, कोपऱ्यातल्या बेसिनवर नेली, आणि हात आपोआप चालले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा विसळून ती झटकत होती तेवढ्यात नर्स उकळून गार केलेल्या पाण्याचा जग घेऊन आत आली.

"आवं मावशी, बाटली धुतली का काय? मीठ-साखरेचं औषध टाकून ठिवलं हुतं मी त्यात. आता पोरीला काय नुसतं पानी पाजू?"

नर्स काही रागावली नाही. तिनं खिशातून दुसरं पाकीट काढलं, फाडलं, बाटलीत उपडं केलं आणि जगातलं पाणी ओतलं. रंगुबाई बेसिनपाशी तशीच उभी होती. तिच्या हातावरून अजून पाणी निथळत होतं.

बाटलीच्या तळाला भुकटी. ती घाण नव्हती. ते औषध होतं.

तिला राहुरीतलाच तो हॉल आठवला. साहेब बाटली उंच धरून काहीतरी सांगत होते, आणि त्या आधी, आपण जिलबीचा पाक धूत असताना, त्यांनी काय सांगितलं असेल ते आता तिला न ऐकताही ऐकू आलं. पिवळट भुकटी आठवली, ती काडीनं खरवडून काढताना आलेला राग आठवला. ती भुकटीच पाण्यातली घाण ओळखणार होती, आणि ती भुकटीच रंगुबाईनं महिनाभर गटारात सोडली होती. छबूबाईला तेच शिकवलं, सविताला तेच शिकवलं. नुसत्या कोऱ्या काचेत नुसतं पाणी भरून ठेवलं तर ते कशाला काळं पडतंय? नितळ बाटली काहीच सांगत नव्हती. एकटी सविताची बाटली खरं बोलत होती, आणि तिला सगळ्या गावासमोर खोटं पाडलं ते कुणी? आणि त्या खोट्यावर विसंबून पोरीला पेला भरून पाणी पाजलं ते कुणी? मोनिकानं ठेवलेल्या पातेल्याखालचा गॅस बंद केला तो कुणी?

रंगुबाई खाली बसली. रडायला आलं, पण नातीसमोर रडता येईना. सगळ्या गावानं मिळून थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मोनिका चहा पिऊन आली तेव्हा रंगुबाईनं तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, काही म्हणजे काही ठेवलं नाही. मोनिकानं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग एवढंच म्हणाली की घरी गेल्यावर पातेलं मोठं घ्यावं लागेल, हे पुरायचं नाही.

शनिवारी पोरीला घरी आणलं. रंगुबाईनं पदर खोचला, खोक्यातून बाटली काढली आणि नळाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं न विसळता काहीतरी भरलं. हात शिवशिवत होते. पाणी पिवळसर झालं. तिनं बाटली गोधडीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढली तेव्हा ती काजळासारखी काळी होती. वाईट बातमी बघून कुणाला हायसं वाटतं का? पण रंगुबाईला वाटलं. महिनाभर डोक्यात चाललेली घुसळण थांबली.

ती बाटली तिनं पंचायतीच्या टेबलावर नेऊन आपटली. ग्रामसेवकांना डब्यावरचा तो कागद मोठ्यानं वाचायला लावला. ‘बाटली धुवू नये’, तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं. वहीतल्या आपल्या सगळ्या सह्यांवर तिनं स्वतः काट मारली. कानिफनाथनं दोन गडी लावून लाईन उकरली, तर टाकीपासून निघालेला पाईप जिथं गावात शिरून वस्तीकडं वळतो, तिथला जोड सैल झालेला. वरून गटार. पंप बंद झाला की गटारातलं पाणी आत ओढलं जायचं, आणि पंप सुरू झाला की घरोघरी जायचं. ते गटार रंगुबाईच्याच दारापुढचं, बारा महिने वाहणारं. लोकांनी तिच्याकडं बघितलं. एरवी ती कुणाचंच ऐकून घेणारी नव्हती, त्या दिवशी तिनं सगळ्यांची नजर ऐकून घेतली.

मग ती वस्तीवर गेली. सविता दारात तांदूळ निवडत बसली होती. रंगुबाईला बघून गडबडीनं उठली, पाट मांडला. रंगुबाईनं जे झालं ते सांगितलं, अडखळत, मधे मधे थांबत. काळी बाटली खरी होती. तुझा हात चांगला होता. चूक माझी. पंचायतीत मी सगळ्यांपुढं तसं म्हणाले, आता तुझ्यापुढं म्हणतेय. सविताला ते नीट कळलं की नाही कुणास ठाऊक. तिचं अर्धं लक्ष आलेल्या पाहुणीला पाणी द्यायचंय याच्यावर होतं.

ती आत गेली. रंगुबाईला पाटावरून सगळं दिसत होतं. चुलीजवळ झाकलेलं पातेलं, त्यात सकाळी उकळून गार केलेलं पाणी. फळीवर पालथा घातलेला स्टीलचा पेला, पुसून लख्ख केलेला. सवितानं पेला घेतला, पातेल्यातलं पाणी त्यात घातलं, गोल फिरवलं आणि मागच्या दारातून बाहेर फेकलं. पुन्हा घातलं, फिरवलं, फेकलं. तिसऱ्यांदाही. मग पेला उजेडाकडं धरून आतून बघितला आणि रंगुबाईच्या चेहऱ्याकडं बघितलं, पुरेसं झालं का म्हणून.

"आनखी एकदा विसळू का, मावशी?"

जिच्या माहेरी आठव्या दिवशी टँकर यायचा ती बाई, जळण जाळून उकळलेलं प्यायचं पाणी मातीत ओतत होती, आणि ते तिला रंगुबाईनं शिकवलं होतं. रंगुबाईला मान वर करता येईना. ती उठली, आत गेली, सविताच्या हातातला ओला पेला तिनं काढून घेतला.

"नको गं बाई," ती म्हणाली. "आता नको विसळू."

तिनं स्वतः पातेल्यातनं पेला भरून घेतला आणि तिथंच चुलीपाशी बसून तळापर्यंत प्यायली.